साडेबारा सेंटिमीटर

पुण्याच्या तांबट आळीत मी तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा घ्यायला गेलो होतो. एक मिलिमीटर जाडीचा, पसरलेल्या तळहाताएवढा आणि, हे मी मुद्दाम बजावले होते, अगदी सपाट. मठाराच्या कामात, म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोडीचे एकसारखे चकचकीत ठोके उमटवण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांच्याकडे सपाट पत्रा मागणे हे खरे तर थोडे उद्धटपणाचेच होते. पण त्या वयस्क कारागिराने पत्रा कापला, लाकडी हातोड्याने सरळ केला, डोळ्यांसमोर आडवा धरून त्याची कड न्याहाळली आणि मग विचारले की याचे करणार काय. मी जमेल तसे सांगितले. गच्चीवर एक डिश आहे, तिच्या तोंडाशी हा पत्रा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे बसणार आहे, आणि त्या वेटोळ्यातून निघालेला माझा आवाज एका उपग्रहापर्यंत जाऊन परत येणार आहे. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. "म्हणजे मशीन विकतचं, डिश भंगारातली आणि पत्रा मी सरळ केलेला. मग साहेब, यात तुमचं काय?" स्वरात खवचटपणा नव्हता, एका करणाऱ्याने दुसऱ्याला विचारावे तसे त्यांनी विचारले होते. मी हसून पैसे दिले आणि निघालो. आळीतले ठोके मागे पडले, प्रश्न मात्र पडला नाही.

प्रश्न रास्त होता.

आमच्या गच्चीवर डिशचे जे रान माजले आहे, त्यातल्या निम्म्या आता मेलेल्या आहेत. मालिका आणि क्रिकेट तारेतून घरात येऊ लागल्यापासून त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. गंज चढलेल्या, केबल कापलेल्या त्या तबकड्या अजूनही आपापल्या जुन्या उपग्रहाकडे, म्हणजे आग्नेयेकडे, तोंड वर करून उभ्या आहेत. माझी त्यांच्यातलीच एक, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी घर बदलताना मागे ठेवलेली. तेवढी एकच बाकीच्यांकडे पाठ करून पश्चिमेला, किंचित नैऋत्येकडे कलून बसली आहे: दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) २५४ अंश, क्षितिजापासून उंची ३२ अंश. तीही ऑफसेट जातीची, म्हणजे तिरप्या येणाऱ्या लहरी झेलणारी, असल्यामुळे तिचा चेहरा आकाशाकडे वळल्यासारखा दिसत नाही. ती जवळजवळ उभी असते आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर रोखलेली वाटते, ज्यावरून सोसायटीच्या बैठकीत एक नाजूक चर्चाही होऊन गेली आहे. प्रत्यक्षात ती समोरच्या इमारतीच्या बऱ्याच वरून, अरबी समुद्र ओलांडून, आफ्रिकेच्या मधोमध काँगोतल्या किसांगानी शहराच्या जवळपास डोक्यावर असलेल्या एका बिंदूकडे पाहते. तिथे, २५.९ अंश पूर्व रेखांशावर, नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेला कतारचा एस्हेल-२ हा उपग्रह आहे. तो मुळात टीव्हीसाठीचा. पण कतारच्या आणि जर्मनीच्या हॅम मंडळींनी, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणाऱ्यांनी, खटपट करून त्यात हौशी रेडिओसाठी एक कोपरा मिळवला, जो फेब्रुवारी २०१९ मध्ये खुला झाला. २.४ गिगाहर्ट्झवर वर पाठवायचे, १०.४९ गिगाहर्ट्झवर खाली ऐकायचे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यापासून थायलंडपर्यंत कोणीही, कधीही. भूस्थिर कक्षेतला, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, हौशी मंडळींचा हा पहिलाच ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल दुसऱ्या वारंवारितेवर परत पाठवणारे यंत्र), आणि ज्याने आयुष्यभर रेडिओलहरी परतवणाऱ्या वरच्या हवेच्या थराचा, आयनांबराचा, लहरीपणा सांभाळत बोलणी केली, त्याला हे रात्रंदिवस उघडे राहणारे दार सुरुवातीला थोडे अविश्वसनीयच वाटते.

आता तांबटांच्या हिशेबाकडे. मशीन विकतचे, हे खरेच आहे. सिग्नल तयार करणारी 'प्लूटो' नावाची डबी अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसने विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी काढलेली आहे. शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे वाय-फायचा पल्ला वाढवण्यासाठी विकला जाणारा एक चिनी ठोकळा, झाकण उघडून थोडाफार बदललेला. ऐकण्यासाठीचा एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणारा रिसीव्हरचा डबा, तर कोणत्याही डिशवाल्याकडे मिळतो. ज्या ज्येष्ठ हॅमच्या घरी मी पहिल्यांदा हा छंद पाहिला, त्यांच्या टेबलावर युद्धसाहित्याच्या भंगारातून उचललेल्या रेडिओ-व्हॉल्व्हचा, स्वतः वाकवलेल्या चॅसीचा, स्वतः गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा ट्रान्समीटर होता, आणि तो तापला की धूळ आणि मेण यांचा एक मिश्र वास खोलीभर पसरायचा. त्यांच्यासमोर माझ्या डब्यांची रांग मांडायची वेळ आली तर मला संकोच वाटेल, हे मान्य आहे. पण मायक्रोवेव्हची गोष्ट तशी पहिल्यापासूनच वेगळी आहे. १९६० च्या दशकात गन डायोड, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणारा छोटा पुर्जा, आला आणि पुढे आपोआप उघडणाऱ्या दारांच्या आणि चोरघंटांच्या यंत्रांतून तो हौशी लोकांच्या हाती पडला, तेव्हा १० गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर म्हणजे पितळेची एक पोकळ डबी, आत डायोड आणि जुळवणीसाठी एक स्क्रू, एवढेच असे. शक्ती काही मिलिवॅट. दोन टेकड्यांवरचे दोघे आपापले डायोड १०० मेगाहर्ट्झच्या अंतरावर ठेवत. प्रत्येकाचा ट्रान्समीटर हाच त्याच्या रिसीव्हरचा ऑसिलेटर (आलेल्या लहरीत मिसळायची लहर देणारा भाग), आणि दोघांतला फरक ऐकायला साधा एफएम रेडिओ. त्या डबीतला डायोड कोणीही घरी बनवत नव्हते. घरी बनवली जाई ती पोकळी.

माझ्या उत्तराची सुरुवात बहुधा त्या पोकळीतच आहे.

कमी वारंवारितेवर तार ही तार असते. कुठूनही कशीही वळवा, वीज तिच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. २.४ गिगाहर्ट्झवर तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर होते आणि तिथून पुढे वस्तूंचे स्वभाव बदलतात. सोल्डर करताना जरा लांब राहिलेला घटकाचा पाय स्वतःच एक कॉइल बनतो. स्वस्त आरजी-५८ केबल दहा मीटर टाकली तर खालून पाठवलेल्या शक्तीचा जेमतेम दहावा भाग वर पोहोचतो, बाकीचा केबलला ऊब देण्यात जातो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर खोलीत न ठेवता डिशच्या पाठीला बांधावा लागतो. या राज्यात आकार हाच घटक असतो. माझ्या फीडमधला, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणाऱ्या जुळणीतला, सगळ्यात हुशार भाग म्हणजे २२ मिलिमीटरची तांब्याची नळी, रुग्णालयात प्राणवायू नेण्यासाठी भिंतीवरून फिरवतात तीच. तिचा आतला व्यास सुमारे २० मिलिमीटर असतो, आणि एवढ्या व्यासाच्या नळीतून साधारण ८.८ गिगाहर्ट्झच्या खालची लहर पुढे सरकूच शकत नाही, ती जागीच विझत जाते. उपग्रहाकडून येणारी १०.४९ गिगाहर्ट्झची कुजबुज त्या नळीतून सुखरूप एलएनबीपर्यंत जाते, आणि नळीभोवतीच्या वेटोळ्यातून मी ओरडत असलेले २.४ गिगाहर्ट्झ तिच्या तोंडाशीच अडते. एकही पुर्जा न घालता, केवळ व्यासाच्या जोरावर मिळालेला हा फिल्टर! प्लंबरच्या दुकानात दुकानदार तो फूटपट्टीने मोजून कापून देतो.

वेटोळे मात्र माझे. त्याचा परीघ एका तरंगलांबीएवढा, म्हणजे व्यास सुमारे चार सेंटिमीटर, दोन वेढ्यांतले अंतर तीन सेंटिमीटरच्या आसपास, वेढे तीन-साडेतीन. मध्ये नळी आल्यामुळे पुस्तकातले गणित थोडे सरकते, आणि मग कागद बाजूला ठेवून हातानेच जुळवावे लागते. पहिल्या पाव वेढ्याला तांब्याची पातळ निमुळती पट्टी जोडतात, कारण अशा वेटोळ्याचा अवरोध १४० ओहमच्या घरात असतो आणि केबलचा ५०, आणि हे दोन जुळले नाहीत तर शक्ती परत फिरते. ती पट्टी पत्र्याच्या जितकी जवळ दाबावी, तितके दोघांचे जमते. छोट्या व्हीएनएच्या, म्हणजे किती शक्ती परत फिरते हे मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर जिथे ती सगळ्यात कमी फिरते तिथे एक दरी दिसते. पट्टी नखाने किंचित दाबली की दरी डावीकडे सरकते, सोडली की उजवीकडे. हात नुसता जवळ नेला तरी ती दचकते. पत्रा सपाट हवा होता तो याचसाठी. पट्टी आणि पत्रा यांच्यातल्या फटीत अर्ध्या मिलिमीटरचा जरी पोक आला तरी दरी भरून येते. दुपारची वेळ, गच्चीच्या पायऱ्यांवरची सावली, फ्लक्सचा घशाला लागणारा धूर, बोटांना तांब्याचा तो आंबूस वास, आणि कानशीने घासलेला लाल चुरा पायजम्यावर. या कामात मिळणारा आनंद मला नीट सांगता येत नाही, पण तो बोलण्याच्या आनंदापेक्षा जास्त आहे असे मला आता वाटू लागले आहे, आणि हॅम म्हणवणाऱ्या माणसाने हे उघडपणे कबूल करणे जरा अवघडच आहे.

या वेटोळ्याचा जन्मही असाच एका घरात झाला. जॉन क्राउस हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवत आणि स्वतः परवानाधारक हॅम होते. १९४६ मध्ये एका पाहुण्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानात ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबमधल्या (मायक्रोवेव्ह वाढवणाऱ्या निर्वात नळीतल्या) हेलिक्सविषयी, म्हणजे तारेच्या वेटोळ्याविषयी, ऐकल्यावर त्यांनी विचारले की असे वेटोळे अँटेना म्हणून चालेल का. उत्तर नकारार्थी आणि ठाम होते: करून पाहिले आहे, चालत नाही. क्राउसना त्या ठामपणानेच डिवचले. ट्यूबमधल्यापेक्षा व्यास मोठा केला तर त्यातून काहीतरी बाहेर पडलेच पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. घरी येऊन तळघरात त्यांनी सात वेढ्यांचे, १२ सेंटिमीटर परिघाचे वेटोळे गुंडाळले, ते १२ सेंटिमीटरच्या ऑसिलेटरला जोडले, आणि ते अक्षाच्या दिशेने सरळ समोर झोत टाकू लागले. पुढे कित्येक उपग्रहांवर ही अँटेना गेली. १२ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ माझाच पट्टा. ज्या मापाचे वेटोळे मी गच्चीच्या पायरीवर बसून गुंडाळतो, साधारण त्याच मापाचे ते पहिले होते, हे वाचल्यापासून हातातली तार मला थोडी जड वाटते.

पण तांबटांच्या प्रश्नाने मला क्राउसपेक्षा जगदीशचंद्र बोस यांच्याकडे जास्त नेले. १८९० च्या दशकात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधल्या एका चिमुकल्या खोलीत बोस पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर काम करत होते, म्हणजे साठ गिगाहर्ट्झच्या आसपास, जिथे हौशी मंडळींना पोहोचायला नंतर अनेक दशके लागली. साधने बनवायला त्यांच्याजवळ कारखाना नव्हता. एक स्थानिक टिनकाम करणारा कारागीर त्यांनी हाताशी धरला होता आणि त्याला शिकवून त्याच्याकडून ती करून घेतली होती. आज ज्याला हॉर्न अँटेना म्हणतात ते नरसाळे, ज्याला वेव्हगाइड म्हणतात त्या लहरी वाहून नेणाऱ्या नळ्या, सगळे त्या खोलीत होते. लहरींचे ध्रुवीकरण, म्हणजे त्या कोणत्या दिशेत थरथरतात ते, तपासायला त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक घेऊन पानांमध्ये टिनचे पातळ पत्रे घातले. आणि तागाचे पीळ दिलेले जुडगे लहरींच्या वाटेत ठेवून दाखवले की उजवा पीळ ध्रुवीकरण एका बाजूला फिरवतो आणि डावा दुसऱ्या. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी यातले बरेच काम मांडले. तिथल्या श्रोत्यांनी नरसाळ्याची कड कोणी सरळ केली हे विचारले असेल असे मला वाटत नाही. यंत्रे बोसांची, यात शंका नाही. पण आता मला त्या तांबटांच्या प्रश्नात दुसरीही बाजू दिसते: 'यात तुमचं काय' असे विचारताना ते 'यात माझं किती' हेही मोजत होते, आणि ते मोजण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

पिळावरून आठवले. उपग्रह वर्तुळाकार, उजव्या ध्रुवीकरणाचा सिग्नल मागतो, म्हणजे ज्याची थरथर पुढे जाताना उजव्या पिळाने फिरत राहते असा. म्हणून वेटोळे मात्र डावे गुंडाळायचे. डिशवर आदळून परतताना लहरीचा पीळ उलटतो, आरशात उजवा हात डावा दिसावा तसा. तार हातात घेतल्यावर हे क्षणभर तरी मनात फिरवून घ्यावे लागते.

ऐकण्याची बाजू त्यामानाने ऐदी आहे, फक्त तिला ऊन बाधते. एलएनबीच्या पोटात २५ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल असतो आणि त्याला ३९० ने गुणून ९७५० मेगाहर्ट्झ तयार केले जाते. त्यामुळे क्रिस्टल एका हर्ट्झने हलला की कानातला आवाज ३९० हर्ट्झने हलतो. एप्रिलच्या दुपारी एखादा चुकार ढग डिशवरून गेला की बोलणाऱ्याचा स्वर हळूहळू चढतो किंवा उतरतो, आणि ऊन परत आले की तो परत येतो. चांगला तापस्थिर क्रिस्टल बसवला की हे थांबते, आणि उपग्रहावरून सतत येणाऱ्या मार्गदर्शक सिग्नलला, म्हणजे बीकनला, धरून संगणकही दुरुस्ती करून घेतो. तरी ढगाची ती ओढ ऐकू येत असे तेव्हाची दुपार मला अधिक आवडायची. सूर्याचे आणखी एक काम आहे. मार्चच्या मध्याच्या थोडे आधी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपारी चार-सव्वाचारच्या सुमारास, इथून पाहणाऱ्याला तो नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटे रिसीव्हरमधला खरखराट फुगत जातो, माणसांचे आवाज त्यात बुडतात, मग तो ओसरतो. त्या काही मिनिटांत डिश बरोबर रोखली आहे की नाही याची परीक्षा फुकट होते: खरखर पुरेशी चढली नाही, तर पाना घेऊन उठायचे.

बोलण्याची परीक्षा मात्र कठोर असते. जमिनीवरच्या बँडवर आपला आवाज पलीकडे कसा पोहोचला हे समोरच्याने सांगायचे, आणि हॅम मंडळी स्वभावतः उदार असल्यामुळे सगळेच सिग्नल 'फाइव्ह नाइन', म्हणजे अगदी उत्तम, असतात. इथे तसे नाही. आपला आवाज वर जातो आणि आपल्याच कानात परत येतो, जाऊन-येऊन सुमारे सत्याहत्तर हजार किलोमीटर, पाव सेकंदाने. पहिल्यांदा तो ऐकताना जीभ अडखळते. मेंदू मागचा शब्द ऐकतो आणि पुढचा विसरतो. सवयीने ते जमते, किंवा हेडफोनचा आवाज कमी करावा लागतो. पण त्या पाव सेकंदानंतर जे येते ते निखळ असते. पाचेक वॅट आणि पाऊण मीटरची डिश. वाटेत सुमारे १९२ डेसिबलची गळती, म्हणजे एकावर एकोणीस शून्ये. आणि तरीही बीकनच्या शेजारी स्वतःची रेघ पडद्यावर उभी राहिलेली दिसते. पट्टी अर्धा मिलिमीटर सरकली असेल तर तीच रेघ खाली बसलेली असते. कोणाला विचारायचे नाही, कोणी समजूत काढत नाही. उलट कोणी जास्तच शक्ती लावून बीकनच्या वर गेला, तर उपग्रहाचे नियंत्रण करणारी यंत्रणा त्याच्या आवाजावर एक भोंगा सोडते, तो सगळ्यांना ऐकू जातो. पंचवीस देशांसमोर कान पिळल्यासारखे होत असावे.

आणि बोलणे तरी कशाचे होते? अंटार्क्टिकावरच्या नॉयमायर-३ या जर्मन केंद्रावरही या उपग्रहासाठी हौशी केंद्र आहे, जिथून उपग्रह क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर दिसतो. एवढी अंतरे जोडल्यावर माणसांनी काही गहन बोलावे अशी बाहेरच्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात सगळे फीडविषयी बोलतात. कोणाचा पत्रा पितळेचा, कोणाचा तांब्याचा. कोणाचे वेटोळे साडेतीन वेढ्यांचे, कोणी त्याऐवजी सपाट पॅच अँटेना लावलेली. कोणाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले. विकतचे डबे सगळ्यांचे सारखेच आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. ज्या दहा-बारा सेंटिमीटरमध्ये प्रत्येकाचा हात लागलेला असतो, तेवढ्याचीच चौकशी होते. तांबटांना देण्यासारखे माझ्याकडे उत्तर असेलच तर ते एवढेच आहे, आणि ते पत्र्यापलीकडे फार जात नाही हेही मला दिसते.

सध्या अडचण पावसाची आहे. तांबे पावसात हिरवे पडते, आणि नळीच्या तोंडाशी थेंब बसला की १० गिगाहर्ट्झला तो भिंतीसारखा वाटतो. तेव्हा फीडवर टोपी हवी. टोपी कशाची करायची याची जुनी युक्ती आहे: प्लास्टिकचा तुकडा आणि पेलाभर पाणी स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवायचे. तो ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. प्लास्टिक तापले तर ते माझी शक्ती खाणार, गार राहिले तर उपयोगाचे. पाण्याच्या जुन्या पाइपची टोपी चटका देण्याइतकी तापून निघाली. फुलदाणीचे झाकण कोमट होते. श्रीखंडाचा किलोचा डबा मात्र थंडगार निघाला आणि मापानेही नेमका बसला. आता जूनच्या आधी त्याच्यावरची सोनेरी छपाई खरवडून काढायची आहे, कारण त्या रंगात धातू नाही याची मला खात्री नाही, आणि घरात शिल्लक असलेले श्रीखंड दुसऱ्या भांड्यात काढायला मला अजून परवानगी मिळालेली नाही.